खोडता न येणारी वही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा शेजारच्या वाकोल्यात नाल्याचं पाणी घराघरांत शिरलं होतं. गाद्या, भांडीकुंडी गेली. पण पाणी ओसरल्यावर जीव टांगणीला लागला तो कागदांसाठी. रेशनकार्ड, वीजबिल, १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर मिळालेला फोटोपास. वस्तीत हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेलं असतं. तेच भिजलं तर पंचनामा करणाऱ्याला दाखवायचं काय? ब्लॉकचेनची तरफदारी करणाऱ्यांना याहून भक्कम उदाहरण मिळणार नाही. अनेक संगणकांवर एकाच वेळी असलेली, पुरात न वाहणारी आणि कारकुनाला गुपचूप फिरवता न येणारी नोंदवही कोणाला नको आहे?

याच भरवशावर जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१७ साली जॉर्डनमधल्या अझ्राक छावणीत ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ नावाची ब्लॉकचेन व्यवस्था आणली. सीरियन निर्वासित दुकानात सामान घेतो, गल्ल्यापाशी कॅमेऱ्यात बघतो, बुबुळांवरून ओळख पटते आणि त्याच्या नावच्या मदतीतून पैसे वळते होतात. सुरुवात सुमारे १०,००० जणांपासून झाली. पुढे हा व्याप बांगलादेशातल्या कॉक्स बझारपर्यंत पोहोचला. बँकांचं शुल्क वाचलं, हा फायदा खरा आहे. ब्लॉकचेनच्या साखळीवर नावं नसतात, ती संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या वेगळ्या नोंदींत असतात, हेही मान्य. पण साखळी चालवणारे संगणक मदत देणाऱ्या संस्थांच्याच हातात. अनेकांचा पहारा म्हणून जो मिरवला जातो, त्यात निर्वासिताला जागा नाही.

रोख मदतीवर जगणारे निर्वासित महाराष्ट्रानेही पाहिले आहेत. १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पात सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. कॅम्पात शाळा होत्या, चर्च होतं. कुटुंबं मिळणाऱ्या भत्त्यातून आपापला बाजारहाट करत. त्यांचा वाली म्हणजे लंडनमध्ये आसरा घेतलेलं पोलंडचं सरकार. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्याची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या, मॉस्कोच्या मर्जीतल्या सरकारला दिली. ज्यांच्या धास्तीने अनेकजण परत जायला तयार नव्हते, ते एका दिवसात अधिकृत पोलंड झाले! १९४८ साली कॅम्प मिटला, माणसं देशोदेशी पांगली. त्या काळी बुबुळांची नोंद नव्हती; असती तर तीही या नव्या अधिकृत पोलंडच्या हाती पडू शकली असती.

हा धोका जुना झालेला नाही. बांगलादेशाने किमान ८,३०,००० रोहिंग्यांची नावं, इतर माहितीसह, म्यानमारच्या हवाली केली, असं ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ मध्ये उघड केलं. निर्वासित नीट समजून उमजून हो म्हणाले नव्हते, हा आरोप उच्चायुक्तालयाने फेटाळला. पण ज्या राजवटीपासून पळ काढला तिच्याच टेबलावर यादी गेली, ती गेलीच. रेशन मिळवण्यासाठी दिलेला अंगठा पुढे कोणत्या कामाला लागेल हे अंगठा देणाऱ्याच्या हातात राहिलं नाही. वाकोल्याला याची वेगळी चव माहीत आहे. माणसं मोजायला निघालेल्या गणनेचा कागद पुढे कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवणारा पुरावा होऊन बसला.

म्हणून तंत्र किती पक्कं आहे यावर वाद घालण्यात फारसा अर्थ उरत नाही. पैसे अडले तर निर्वासिताने कोणाकडे दाद मागायची? संस्था बदलली, देणगीदार आटला, यजमान देशाचं सरकार उलटलं तर किल्ल्या कोणाकडे जाणार? आपल्याकडे तर निर्वासितांसाठी कायदाच नाही, १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी आहे. साखळीवरची नोंद पुसता येत नसेल तर तिला माणसाशी जोडणारा दुवा छावणी बंद होताच नष्ट करण्याची अट करारातच हवी. तारखेसह, जबाबदार अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह, आणि ती पाळली गेली का हे तपासणाऱ्या मंडळात छावणीतून निवडून आलेल्या माणसांसह. यंत्रणा विकत घेण्याआधी हे लिहून घेतलं नाही, तर नंतर ते लिहून देण्याची गरज कोणालाच वाटणार नाही.