प्रश्न विचारणारं तळं

ट्रेक म्हटलं की आपल्याला आठवतो पाऊस, चिखल आणि कांदाभजी. मार्च म्हणजे मात्र टार्गेट्स, अप्रेझल आणि उकाडा! म्हणूनच सांगते, चार दिवस सुट्टी टाका आणि उत्तराखंडातलं देवरियाताल गाठा.

हृषीकेशहून दिवसभराचा गाडीप्रवास करून उखीमठजवळच्या सारी गावात मुक्काम करायचा. तिथून तळं जेमतेम तीन किलोमीटर. वाट दगडी, फरसबंद, पण चढ असा की जिमचं मेंबरशिप कार्ड कामाला येत नाही. माझा तर दर वळणावर ‘फोटो ब्रेक’ होता! आजूबाजूला ओकची झाडं आणि मधूनमधून लालभडक बुरांश. हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष. त्याचा खरा बहर मार्च-एप्रिलचा, पण अलीकडे काही वर्षी तो जानेवारीतच फुलतो. थंडी कमी होतेय, त्याचीच ही लाल खूण.

टिप एकच. पहाटे निघा. तळं साधारण २,४०० मीटरवर आहे. वारा सुटण्याआधी पोचलात तर ७,१३८ मीटर उंचीचं चौखंबा शिखर पाण्यात उलटं दिसतं. उन्हं चढली की वारा, ढग... शो संपला!

यक्षानं पांडवांना प्रश्न विचारले ते इथेच, असं गावकरी मानतात. उत्तर न देता पाणी प्यायलेले चौघे भाऊ कोसळले. युधिष्ठिर तेवढा थांबला. पृथ्वीहून जड काय, या प्रश्नाला तो म्हणाला, आई.

चहावाल्या दीदींनी ही गोष्ट सांगितली आणि आमच्यातला एक जण एकदम गप्प झाला. परदेशातल्या नोकरीची ऑफर त्याच्या मेलबॉक्समध्ये होती, उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. साताऱ्याला आई एकटी. त्यानं एक्सेल शीट केली होती. पगार, टॅक्स, भाडं, व्हिसा, सगळे कॉलम होते. आईचा नव्हता.

उतरताना रेंज आली तसा त्यानं घरी फोन लावला. ‘‘आई, गुडघ्याचं ऑपरेशन कधी करायचं म्हणतेस?’’ एवढंच ऐकू आलं. मग तो झपाझप पुढे निघून गेला. सोमवारी त्यानं जॉइनिंगची तारीख तीन महिने पुढे मागून घेतली. आधी ऑपरेशन, मग विमान.

तुम्हीही जा. टाळलेला एखादा प्रश्न सॅकमध्ये असेलच, तो घेऊन जा. आणि हो, चिप्सची पाकिटं तेवढी परत खाली आणा. तळ्यात चौखंबाच दिसू दे!