‘साठी बुद्धी नाठी’ : एक एकतर्फी निवाडा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आमच्या समाजात म्हण म्हणून नव्हे, निवाडा म्हणून वापरली जाते. आणि तोही एकतर्फी. वृद्ध पुरोहितांना यजमानाचे नाव चटकन आठवले नाही की मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. मुलगा वडिलांपुढे कागद सरकवतो, “तुम्हांला आता काय कळते? सही करा.” उलट ज्या आजीला देवळाहून घरी येण्याची नित्याची वाट सापडेनाशी झाली, तिला कोणी डॉक्टरकडे नेत नाही, “वयच झाले!” एकाच वचनाने निरोग्यास रोगी ठरवावे व रोग्यास निरोगी, असला न्याय आम्ही तरी कोठल्याही कचेरीत पाहिला नाही.

वयोमानाने मेंदू किंचित आकसतो, विचाराची गती मंदावते, नाव ओठांवर येऊन अडते आणि थोड्या वेळाने आठवते. शब्दसंपदा व कमावलेले ज्ञान बहुधा शाबूत राहते. अल्झायमर ही गोष्टच निराळी. त्यात पेशींबाहेर अमिलॉइड प्रथिनाचे थर साचतात, पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी मरतात. वयाबरोबर या रोगाचा धोका वाढतो हे खरे. पण १९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी जिच्या मेंदूतील हा बिघाड प्रथम मांडला, ती आउगुस्ट डेटर १९०१ मध्ये रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. तिला साठीची म्हण कशी लावणार?

“त्यांना रामरक्षा मुखोद्गत आहे, मग विकार कसला?” हे समर्थन तर आम्ही नेहमीच ऐकतो. ते फसवे आहे. बालपणीचे पाठांतर हा रोग बहुधा उशिरा हिरावतो. आधी जाते ते आज सकाळचे. नैवेद्य दाखवला की नाही हे आठवत नाही, सांगितले तरी पटत नाही, घटकाभरात तोच प्रश्न पुन्हा. येथे तपासणी हवीच. कारण थायरॉइडची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मनाचे औदासीन्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांनीही स्मृती ढळते, आणि त्यांवर उपाय आहेत.

कायदा याबाबतीत समाजाहून शहाणा निघाला. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ५९ मृत्युपत्र करणारा सज्ञान व स्वस्थचित्त असावा एवढेच मागते. वयाची वरची मर्यादा त्यात नाही. आपण काय करीत आहोत हे त्या वेळी त्याला उमजत होते काय, एवढाच प्रश्न. तेव्हा वडिलांपुढे कागद सरकवणाऱ्या त्या चिरंजीवांस आम्ही विचारतो : वडिलांची बुद्धी गेली असेल, तर त्या सहीची किंमत काय? आणि गेली नसेल, तर कागद त्यांना वाचून का दाखवला नाही?