कारकुनाचा पगार कोण ठरवणार?

दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाच्या कामाचे पालघर जिल्ह्यात जे टप्पे पाडण्यात आले, त्यांतल्या दोहोंच्या नावात डहाणू तालुक्यातले गंजाड आहे. तलासरी ते गंजाड हा एक आणि गंजाड ते मासवण हा दुसरा. जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांमुळे या गावाचे नाव देशाबाहेर पोहोचले होते. आता ते निविदांमध्ये आणि भूसंपादनाच्या कागदांतही आले आहे. याच पट्ट्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो. 30 ऑगस्ट 2024 रोजी ज्याची पायाभरणी झाली, ते वाढवण बंदरही डहाणू तालुक्यातच. अशा प्रत्येक प्रकल्पामागे सातबारा, फेरफार, वारसनोंद, मोजणीचा नकाशा, प्रतिज्ञापत्र, हरकतीचा अर्ज अशी कागदांची रीघ लागते. जुनी प्रकरणे आहेतच: वनहक्काचे दावे, बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी 1974 च्या कायद्याखाली केलेले अर्ज, पोटगी, जामीन. डहाणू-तलासरीत कायद्याच्या कामाचा तुटवडा कधीच नव्हता. ते काम करणाऱ्या हातांना मिळणारा पैसा तुटपुंजा आहे, आणि तो निदान किती असावा हे ठरवण्याची जबाबदारी कोणाच्याच अंगावर नाही. आमचा मुख्य आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला आहे.

हे हात म्हणजे वकील आणि न्यायाधीश नव्हेत. वकिलाचा कारकून, टंकलेखक, कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारा, विधी सेवा समितीचा स्वयंसेवक यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत. सकाळी बोर्ड पाहणे, वकीलपत्रावर तिकीट लावणे, तारीख लिहून घेणे, प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाकणे, कागदातली त्रुटी दूर करून पुन्हा दाखल करणे आणि पक्षकाराला फोन करून ‘पुढची तारीख अमुक’ असे सांगणे, ही त्यांची रोजची कामे. यातले एक चुकले की खटला एका तारखेने पुढे जातो. गंजाडच्या पाड्यावरून मजुरी बुडवून डहाणूला आलेल्या माणसाला ती तारीख फार महाग पडते.

न्यायालयाच्या स्वतःच्या नोकरवर्गापुरते बोलायचे तर पगारात प्रादेशिक अन्याय फारसा नाही. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी चार हजार सहाशेहून अधिक जागांची जाहिरात काढली. लघुलेखकाला 38,600 पासून, कनिष्ठ लिपिकाला 19,900 पासून आणि शिपाई-हमालाला 15,000 पासून सुरू होणारी वेतनश्रेणी, अधिक भत्ते. मूळ वेतन मुंबईत जे, तेच डहाणूत. फरक पडतो तो घरभाड्यासारख्या भत्त्यांत, आणि तो नियमात लिहिलेला आहे. प्रदेशानुसार वेतन बदलायचेच असेल तर ते असे उघड असावे: किती आणि कशासाठी, हे कोणालाही वाचता येईल असे.

मात्र या जागांवर गंजाडचे मूल पोहोचते का, हा वेगळा प्रश्न आहे. लिपिकाच्या पदासाठी पदवी लागते, शिवाय इंग्रजी टंकलेखनाचा मिनिटाला 40 आणि मराठीचा 30 शब्दांचा वेग. आश्रमशाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना तो वेग गाठायला घराजवळ टंकलेखनाचा वर्ग हवा, सरावाला संगणक हवा आणि वर्षभर कमाई न करता बसण्याची ऐपत हवी. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राज्यपालांच्या अधिसूचनेने 17 संवर्ग ठरवले गेले. त्यांत तलाठी आहे, ग्रामसेवक आहे, शिक्षक आणि वनरक्षक आहेत. न्यायालयाचा कर्मचारी नाही. त्या 17 संवर्गांची भरतीसुद्धा न्यायालयीन वादात रखडली, हे या भागातल्या तरुणांना वेगळे सांगायला नको. पण ज्या कोर्टात पक्षकार वारली बोलतो, तिथे खिडकीपलीकडे बसलेल्याला ती बोली कळावी, एवढी अपेक्षाही आपल्या भरतीच्या नियमांत कुठे उतरलेली नाही.

खरी पडझड दिसते ती खासगी कामात. मुंबईच्या फोर्ट भागातल्या मोठ्या विधी कंपनीत सहायकाला नेमणूकपत्र मिळते, महिन्याचा पगार बँकेत जमा होतो, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. तालुक्याच्या कोर्टात वकिलाची फी पक्षकाराच्या मजुरीतून येते, आणि कारकुनाचा पैसा त्या फीमधून. म्हणजे कारकुनाचा पगार अखेर वीटभट्टीवरच्या किंवा भाताच्या शेतावरच्या मजुरीवर ठरतो. एप्रिल 2013 मध्ये चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तेव्हापासून काम शिकलेल्या मुलाला वसईला किंवा मुंबईला रोज जाणे सोपे झाले आहे, आणि तलासरीतून वापी-उंबरगावचे कारखाने त्याहून जवळ. जो शिकतो तो निघून जातो. त्याला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही.

या बाबतीत कायद्याने काय केले, हे पाहिले की वाईट वाटते. मुंबईतल्या एका सॉलिसिटर कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी बोनस मागितला, तेव्हा 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सॉलिसिटरचे कार्यालय हा ‘उद्योग’ नव्हे. 1978 च्या बेंगळूरु पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध निकालाने उद्योगाची व्याख्या रुंदावली, पण दोन-चार माणसे हाताशी घेऊन एकट्याने वकिली करणारा तिच्या बाहेरच राहिला. 1984 मध्ये केरळमधले प्रकरण आले. त्यात वकिलांचे कार्यालय दुकाने व आस्थापना कायद्यातली ‘व्यापारी आस्थापना’ ठरत नाही, असा निर्णय झाला. वकिली हा धंदा नसून व्यवसाय आहे, ही भूमिका वकिलाच्या प्रतिष्ठेसाठी योग्यच. पण तिची किंमत कारकुनाने का मोजावी? कापडाच्या दुकानातल्या नोकराला महाराष्ट्रात किमान वेतन आहे. त्यासाठी राज्याची तीन परिमंडळे केलेली आहेत: महानगरपालिका पहिल्यात, नगरपरिषदा दुसऱ्यात, उरलेला ग्रामीण भाग तिसऱ्यात. म्हणजे गंजाडच्या किराणा दुकानात माल मोजणाऱ्याचा दर सरकार ठरवते; त्याच गावचा तरुण डहाणूला वकिलाच्या फायली सांभाळत असेल, तर त्याचा दर ज्याच्या त्याच्या मनावर.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. किमान वेतनाचा हक्क ठरावीक अनुसूचित रोजगारांपुरता न ठेवता सगळ्या कर्मचाऱ्यांपर्यंत नेणे हा तिचा गाभा आहे. वकिलाच्या कार्यालयातला कारकून या हक्कात येतो, हे राज्य सरकारने नियमांत स्वच्छ शब्दांत लिहावे. ते लिहिले नाही तर पुन्हा एखाद्या कारकुनाला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, आणि त्याच्या बाजूने उभा राहणारा वकील मिळणे सोपे नसेल.

पैशाअभावी कोणते काम अडते, हे वनहक्काच्या दाव्यावरून कळते. दावा आधी गावाच्या वनहक्क समितीकडे, मग ग्रामसभेत, तिथून प्रांत कार्यालयात उपविभागीय समितीकडे जातो. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. दंडाची जुनी पावती, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, बांध, विहीर, झाडे यांचा पंचनामा हे पुरावे चालतात. पण ते कोणीतरी जुळवून, लिहून, सह्या-अंगठे घेऊन लावावे लागतात. उपविभागीय समितीचा निर्णय विरोधात गेला तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला 60 दिवस मिळतात. नोटीस घरात येते, ती कार्यालयीन मराठीत असते आणि घरातली कर्ती माणसे त्या वेळी भट्टीवर गेलेली असतात. साठाव्या दिवसाच्या आत कोणी पाड्यावर जाऊन तो कागद वाचला, तारीख पाहिली आणि अपिलाचा अर्ज लिहिला, तर जमीन वाचू शकते. या कामाला मोठ्या वकिलाची गरज नसते. लागतो तो कायदा माहीत असलेला, बोली जाणणारा आणि पाड्यापर्यंत चालत जाणारा माणूस. महामार्गाच्या मोबदल्याबाबत राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली लवादाकडे जाणाऱ्यालाही तोच माणूस लागतो.

सरकारी योजनेत या माणसाचे नाव विधी स्वयंसेवक असे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते; स्त्रियांनाही मिळते. म्हणजे गंजाडमध्ये जवळजवळ प्रत्येक जण या मदतीचा हक्कदार आहे. जिथे हक्कदार सर्वाधिक, तिथे मदतनीस सर्वाधिक हवेत. पण योजनेनुसार स्वयंसेवकाला पगार नाही. जेवढे दिवस काम सोपवले, तेवढ्या दिवसांचे मानधन, आणि तेही राज्याराज्यांत वेगवेगळे. एवढ्यावर कोणाचे घर चालत नाही, आणि परिणाम आकड्यांत दिसतो. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या 2025 च्या अहवालानुसार 2019 ते 2024 या काळात देशातल्या विधी स्वयंसेवकांची संख्या 38 टक्क्यांनी घटली आणि लाखामागे तीन स्वयंसेवक उरले. कायदेशीर मदतीवर देशात दरडोई वर्षाला साडेसहा रुपयेही खर्च होत नाहीत. आरोपींच्या बचावासाठी 2022 मध्ये आलेल्या विधी साहाय्य बचाव पक्ष योजनेत पूर्णवेळ वकील आणि कार्यालयीन सहायक आहेत, ही चांगली गोष्ट. पण ती पदे कंत्राटी आहेत आणि मानधन शहराच्या वर्गवारीप्रमाणे. शहर जितके लहान, तितके मानधन कमी.

हाच विचार वकिलांच्या बाबतीतही दिसतो. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय बार कौन्सिलने कनिष्ठ वकिलांसाठी किमान विद्यावेतन सुचवले: शहरात महिन्याला 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये. शिफारस स्वागतार्ह होती. निदान आकडा तरी कागदावर आला. पण ग्रामीण भागासाठी पाच हजार कमी, हे गृहीतक आम्हाला मान्य नाही. डहाणूत घरभाडे मुंबईपेक्षा कमी, हे खरे. मात्र इथे काम करणाऱ्याला एका सहीसाठी पाड्यावर, एका नकलेसाठी तालुक्याला आणि एका सुनावणीसाठी पालघरला जावे लागते. बस दिवसातून मोजक्या, नाहीतर जीपचे भाडे पदरचे. शहरात जे काम इमारतीच्या एका मजल्यावर होते, त्यासाठी इथे दिवस जातो. मानधन कामाच्या कष्टावर ठरवले, तर तिसऱ्या परिमंडळाचा क्रम पहिला लागेल.

वेतन ठरवायचे तर आधी ते मोजावे लागते. अमेरिकेचा कामगार सांख्यिकी विभाग विधी सहायकांच्या वेतनाचे आकडे राज्यवार आणि शहरवार प्रसिद्ध करतो. राजधानी वॉशिंग्टनमध्ये ते सर्वांत वर असते, हे त्यावरून कळते. खेड्यात जाऊ पाहणाऱ्याला किती कमी मिळेल, हेही कळते. तफावत तिथेही आहे, पण ती मोजलेली आहे. आपल्याकडे मुंबई, नागपूर, डहाणू, गडचिरोली इथल्या वकिलांच्या कारकुनांना काय मिळते, याची सरकारने एकदा तरी मोजदाद करावी. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

आमच्या आणखी काही मागण्या आहेत, त्यांतल्या पहिलीला उदाहरणे तयार आहेत. वकिलांच्या कारकुनांसाठी आंध्र प्रदेशने 1992 मध्ये, तमिळनाडूने 1999 मध्ये आणि केरळने 2003 मध्ये कल्याण निधीचे कायदे केले. महाराष्ट्राने वकिलांसाठी 1981 मध्येच असा कायदा केला. तोच आधार धरून कारकुनांसाठी निधी उभारायला अडचण नाही. त्याचा भार अशिलावर पडू नये, राज्याने आणि वकिलांनी मिळून उचलावा. राज्य विधी सेवा प्राधिकरणाने अनुसूचित क्षेत्रातल्या प्रत्येक मोठ्या ग्रामपंचायतीत एक स्वयंसेवक महिन्याच्या ठरावीक मानधनावर नेमावा, प्रवासखर्च वेगळा द्यावा आणि स्थानिक बोली येणे ही निवडीची अट ठेवावी. आदिवासी विकास विभागाने आपल्या डहाणू प्रकल्प कार्यालयामार्फत टंकलेखन आणि न्यायालयीन कामकाजाचे वर्ग घ्यावेत. उच्च न्यायालयाची पुढची जाहिरात येईल तेव्हा इथली मुले तयार असली पाहिजेत.

1945 च्या वारली उठावाचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. त्या मुंबई सोडून तलासरीच्या झरी गावात आल्या आणि वेठबिगारीविरुद्ध लोकांना उभे केले. तेवढा त्याग प्रत्येकाकडे मागता येणार नाही, आणि मागूही नये. कायद्याचे रोजचे काम पगारावर चालले पाहिजे. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला आमची विनंती आहे की कनिष्ठ वकिलांच्या विद्यावेतनाचा विचार करताना कारकुनाच्या किमान वेतनाचा आकडाही त्याच कागदावर लिहावा. डहाणू, विक्रमगड आणि पालघरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न मांडावा, आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नये.