थोरला कोणता, धाकटा कोणता?

आमच्या भाच्याचे निंबर्ग्यात छोटेसे दुकान आहे. पहाणीचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज अशी कामे तेथे संगणकावर होतात. गतवर्षी जुलैअखेरीस आम्ही त्याच्याकडे मुक्कामास होतो. तुरीचा विमा उतरविण्याचा तो शेवटचा दिवस. दुकानाबाहेर सकाळपासून रांग. रात्री पावसात गेलेली वीज पहाटे परत आली होती. भाच्याने संगणक सुरू केला, पाठीमागचे दोन्ही हिरवे दिवे लुकलुकू लागले, परंतु बाहेरच्या जगाशी संबंध काही जुळेना.

"मामा, केबल शाबूत आहेत, दिवेही लागले आहेत, पण लाइन नाही," तो रडकुंडीस येऊन म्हणाला. रांगेतल्या पहिल्या अज्जींची तूर आदल्या साली वाळून गेली होती आणि विमा राहून गेला होता. त्या काही बोलल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या.

दोष ना विजेचा होता, ना तारेचा. त्या संगणकास नेटवर्कची दोन कार्डे होती. मदरबोर्डवरचे एक बाहेरच्या लाइनसाठी, मागाहून बसविलेले दुसरे आतल्या खोलीतील दोन यंत्रांसाठी. लिनक्सच्या जुन्या रीतीप्रमाणे जे कार्ड आधी जागे होईल त्याचे नाव 'इथ०', नंतरच्याचे 'इथ१'. घरात आधी जन्मला तो थोरला, तसेच हे. फरक इतकाच की आपल्याकडे जन्म एकदाच होतो. संगणकात तो दररोज सकाळी बटण दाबले की होतो. दोन कंपन्यांची कार्डे, दोघांचे ड्रायव्हर निराळे, दोन्ही एकाच वेळी उठू पाहतात आणि आधी कोण उठेल यास नियम नाही. त्या दिवशी धाकटा आधी उठला, थोरल्याचे नाव घेऊन बसला, आणि बाहेरच्या लाइनची सर्व मांडणी आतल्या खोलीच्या कार्डास जाऊन चिकटली.

हे ध्यानी यावयास दुपार झाली. उपाय मात्र हास्यास्पद सोपा निघाला : दोन्ही प्लगांची अदलाबदल केली आणि लाइन आली! अज्जींची पावती सर्वांत आधी निघाली. रांग दिवेलागणीनंतर संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला पुन्हा थोरला झाला, आणि अर्थातच लाइन पुन्हा गेली.

या गोंधळावर जाणत्यांनी २०१३ साली नवी रीत काढली. उठण्याच्या क्रमावरून नाव न देता कार्ड ज्या जागी बसले आहे त्या जागेवरून द्यावयाचे. 'ईएनपी३एस०' म्हणजे तिसऱ्या बसवरील शून्य क्रमांकाच्या खाचेतले इथरनेट. नाव रुक्ष खरे, पण रोज तेच. शेताचा सर्व्हे नंबर जसा मालकाच्या नावावर नव्हे तर जमिनीच्या जागेवर असतो, तसेच. आमच्या भाच्याच्या यंत्रात ही रीत होती. बसवून देणाऱ्या कारागिराने लहान नावे सुटसुटीत म्हणून ती बंद करून ठेवली होती.

तथापि जागेचे नावही अढळ नसते, हे आम्हां सीमेवरच्यांना कोणी सांगावयास नको. आमच्या गावातील जी घरे १९५६च्या ऑक्टोबरपर्यंत हैदराबाद राज्यात होती, ती १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेली. १९७३ साली त्याच राज्याचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्गा जिल्ह्याचे कलबुर्गी. घराची एक वीटही हलली नाही. पत्ता मात्र तीनदा पालटला. संगणकातही हेच घडते. कोठे एखादे नवे कार्ड बसविले की बसचे क्रमांक पुढे सरकतात आणि कालचे 'ईएनपी२एस०' जागेवरून न हलता आज 'ईएनपी३एस०' होते.

मग राहते जन्मखूण. प्रत्येक कार्डावर कारखान्यात बारा अंकाक्षरांचा मॅक क्रमांक घातलेला असतो; पहिली सहा कारखानदाराची, उरलेली सहा त्या नगाची. भाच्याने यावरच भिस्त ठेवली. चार ओळींची नोंद करून एका कार्डास 'बाहेर' आणि दुसऱ्यास 'घर' अशी नावे रोमन अक्षरांत कायमची देऊन टाकली. यातही एक मेख आहे. कार्ड जळून नवे आणले की जन्मखूण निराळी, आणि नोंद फिरून करावी लागते. विंडोजमध्ये तर काढून टाकलेल्या कार्डाचे नाव पुष्कळदा दप्तरी तसेच राहते व नव्याच्या नावापुढे '२' लागतो. मयताचे नाव रेशनकार्डावर राहावे तसा हा प्रकार. आणि हल्लीचे मोबाइल तर वायफायवर मुद्दामच बनावट क्रमांक सांगतात, कोणी माग काढू नये म्हणून. ते आम्हांस गैर वाटत नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी भाचा संगणकाच्या पाठीमागे चिकटपट्ट्या लावीत होता. हाताखालच्या मुलास मराठी वाचता येत नाही, म्हणून 'बाहेर'खाली कानडीत 'होरगे' लिहिले होते, आणि दोन्ही कार्डांचे क्रमांक उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरविले होते.