गुलामी नको, पण गुलामाला जमीनही नको!

अमेरिकेतील गुलामीमुक्तीच्या लढ्याचे आपल्या चळवळीला अप्रूप आहे, आणि ते रास्तच आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पण त्या लढ्याची दुसरी बाजू आम्ही क्वचितच तपासतो.

१८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशात गुलाम ठेवायचे की नाही, हे तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मतावर सोडले. १८२० पासूनची बंदी मोडली, कॅन्ससमध्ये रक्त सांडले. विरोधात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. परंतु विरोध करणारे सगळेच काही समतावादी नव्हते. अनेकांना ती जमीन गोऱ्या शेतकऱ्यासाठी मोकळी हवी होती. ओरेगॉनचेच पाहा. १८५७ साली तिथल्या मतदारांनी गुलामी नाकारली आणि त्याच मतदानात काळ्या माणसाला राज्यात राहायलाच मज्जाव केला! पुढे १८६५ साली गुलामी संपली. जनरल शर्मनने मुक्त कुटुंबांसाठी चाळीस-चाळीस एकर राखून ठेवले होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत देण्याचा हुकूम काढला. मुक्त झालेला माणूस पुन्हा मालकाच्याच वावरात वाटेकरी म्हणून राबू लागला.

हे सातासमुद्रापलीकडचे सांगायचे कारण आपल्याच अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे. १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. प्रश्न होता वतनी जमिनीवरील वाढीव जुडीचा. महार वतन म्हणजे तुटपुंज्या इनामापोटी सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक आणले होते. पण चाकरी सोडताना जमीनही सोडा, असे त्यांनी सांगितले नाही. पूर्ण सारा भरू, जमीन आमच्याच कब्जात राहील, ही त्यांची भूमिका होती. अमेरिकेत नेमके हेच राहून गेले.

१९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली. जमीन वतनदाराला परत मिळणार होती, पण कब्जेहक्काची रक्कम भरून, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही या अटीवर. ही अट कोणाच्या रक्षणासाठी होती आणि ती कोणी वाकवली? २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला तेव्हा सारा महाराष्ट्र जागा झाला. पुण्यात जमिनीला सोन्याचा भाव, म्हणून बातमी झाली. खेड्यातल्या दोन-तीन एकरांची बातमी कोण करणार?

ते काम कार्यकर्त्यांचेच आहे. येत्या १६ डिसेंबरपूर्वी नगर जिल्ह्यातील प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या वतनी जमिनींचे सातबारे आणि जुने फेरफार तलाठ्याकडून काढावेत. नाव कधी बदलले, कोणाच्या परवानगीने बदलले, एवढे दोनच रकाने आधी भरावेत.