साथीच्या गणितात भिवंडी कुठे आहे?

दक्षिण आफ्रिकेने करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची खबर जागतिक आरोग्य संघटनेला दिली २४ नोव्हेंबर २०२१ रोजी. ४ डिसेंबरला महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉनबाधित जाहीर झाला, तोही भिवंडीला खेटून असलेल्या कल्याण-डोंबिवलीत. हा प्रवासी केपटाऊनहून दुबई, दिल्ली करत आला होता.

साथीचे गणित मांडणाऱ्यांना याचे नवल वाटले नसावे. डर्क ब्रॉकमन आणि डर्क हेल्बिंग या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवून दिले होते, की साथीसाठी अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. दोन शहरांत विमानाने किती माणसे ये-जा करतात, त्यावर ते ठरते. तसे मोजले की साथ कुठे कधी धडकेल, याचा अंदाज बराच नेमका येतो.

पण विमानतळाबाहेर पडल्यावर काय?

भिवंडीचे यंत्रमाग चालतात ते उत्तर प्रदेश, बिहारहून आलेल्या कामगारांच्या जिवावर. दिवसपाळीवाले कारखान्यात गेले की त्याच खोलीत रात्रपाळीवाले येऊन आडवे होतात. खोली रिकामी अशी राहतच नाही. टाळेबंदीत, मे २०२० च्या सुरुवातीला, याच कामगारांना घेऊन भिवंडी रोड स्थानकातून श्रमिक विशेष गाडी गोरखपूरला सुटली. ही वाट विमानांच्या वेळापत्रकात सापडणार नाही.

गणित चोख, पण माहिती अपुरी, हे दुखणे जुनेच. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये साथीच्या फैलावाचे आपले प्रसिद्ध समीकरण मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगबळींच्या आकड्यांवर ताडून पाहिले. आलेख सुरेख जुळला. उंदीर, पिसवा आणि ऋतुमान मात्र त्या समीकरणात नव्हते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही करोनाच्या साथीने शिखर ओलांडल्याचे सांगितले. खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ ओसरेल, असा तिचा हिशेब होता. पुढच्याच उन्हाळ्यात करोनाच्या डेल्टा प्रकाराने हाहाकार माजवला.

म्हणून गणितच मोडीत काढणे हा शुद्ध आततायीपणा. त्याला खाद्य गावातूनच मिळायला हवे. भिवंडी-निजामपूर महापालिकेने तापाचे रुग्ण आणि मृत्यू यांचे प्रभागवार आकडे दर आठवड्याला जाहीर करावेत, सांडपाण्याचे नमुने नियमित तपासावेत. कुठल्या स्थानकावरून किती माणसे आली-गेली, ते रेल्वेने नावे वगळून संशोधकांना द्यावे. हे काम साथ नसतानाच सुरू करायचे असते, आणि आज साथ नाही.