गुपित कुणासाठी राखायचं?

साप्ताहिक सदर : डाव मांडताना

रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न वारंवार येतो : आपल्या पात्राला गुप्त शक्ती द्यावी का? वरवर साधा गुराखी, आतून शापित राजपुत्र. दिसायला बहिरी म्हातारी, खरी चेटकीण. माझं उत्तर आहे, जरूर द्यावी. पण पुष्कळदा ही गुपितं वाया जातात. ती का जातात, हे कळायला जालना जिल्ह्यातली एक कथा पुरेशी आहे.

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८ सालचा, मूळ नाव नारायण ठोसर. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच नारायण पळाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो परत आला तेव्हा काय झालं, हे त्या मानाने कमी सांगितलं जातं. परंपरेने आलेली कथा अशी : १२ वर्षं टाकळीला तप, १२ वर्षं देशभर भ्रमण, आणि मग एक दिवस जटा-दाढी वाढलेला गोसावी ठोसरांच्या दारात भिक्षेला उभा राहतो. आई राणूबाईंची दृष्टी मुलासाठी रडून रडून गेलेली. भावजय भिक्षा घेऊन बाहेर येते, तिला दीर ओळखू येत नाही. गोसावी म्हणतो, मी नुसत्या भिक्षेवर परत जाणारा नव्हे. तो आवाज ऐकून आई आतून विचारते, माझा नारायण आला का? तो आत जाऊन पाया पडतो, तिच्या डोळ्यांवरून हात फिरवतो आणि तिला दिसू लागतं.

यानंतर आई काय म्हणते ते फार मोलाचं आहे. चमत्काराचं कौतुक राहिलं बाजूला, ती विचारते, ही कुठली भूतविद्या शिकून आलास? मग मुलाला तिची शंका फेडावी लागते. मला लागलेलं भूत म्हणजे राम, असं तो तिला समजावतो.

गुप्त शक्ती कशी लिहावी, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. शक्ती कमावली गेली ती दूर, कुणाच्या नजरेत न येता. तिची किंमत त्याच्याइतकीच आईनेही मोजली. ती प्रकटली ती एका माणसासाठी, आणि प्रकटल्यावर तिने नातं पुन्हा नव्याने तपासायला लावलं.

आपल्या डावांत बहुधा काय होतं? पात्र मरायला टेकलं की एकाएकी त्याला पंख फुटतात, डोळ्यांतून ज्वाळा निघतात. टेबलावर क्षणभर आरडाओरडा होतो आणि पुढच्या फाशाला सगळे ते विसरतात. कारण त्या गुपिताचा बाकीच्या पात्रांशी काही संबंधच नव्हता. ज्याला फक्त मालक आहे, असं गुपित खेळाच्या कामाचं नाही.

१९८४ साली अमेरिकेत वेस्ट एंड गेम्सने काढलेल्या ‘पॅरानोइया’ या खेळाने हे बरोबर हेरलं. त्यात एका बंदिस्त शहरावर संगणकाची सत्ता असते. गुप्त संघटनांचे लोक आणि विलक्षण शक्ती असलेले ‘म्युटंट’ शोधून संपवणं ही खेळाडूंच्या पात्रांची नोकरी. आणि प्रत्येक पात्र स्वतःच लपलेला म्युटंट, शिवाय कुठल्या तरी गुप्त संघटनेचा सभासद! शक्ती वापरावी तर शेजारचा पकडून देणार, न वापरावी तर जीव जाणार. तिथे एकाचं गुपित टेबलावरच्या सगळ्यांचा प्रश्न होतो. आपल्या राजा-मंत्री-चोर-शिपाईत चार चिठ्ठ्यांवर हेच तर घडतं. चोराच्या चिठ्ठीला वजन येतं, कारण ती ओळखायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर असते.

आता राहिलं ते गुपित, जे खुद्द खेळाडूलाही ठाऊक नसतं, फक्त डाव चालवणाऱ्या गेम मास्टरला ठाऊक असतं. महाभारतात दोन्ही नमुने आहेत. विराटाच्या घरी नृत्य शिकवणारी बृहन्नडा म्हणजे आपणच, हे अर्जुनाला पक्कं माहीत होतं. कर्णाला मात्र आपण कुंतीचे पुत्र आहोत हे युद्धाच्या तोंडावर दुसऱ्यांकडून कळलं. कर्णासारखं गुपित फार जपून वापरावं लागतं. महिनोन्‌महिने ज्या पात्रात कुणी जीव ओतला, ते ‘मुळात राक्षसच होतं’ असं एका वाक्यात जाहीर करणं म्हणजे त्याच्या हातातलं पात्र हिसकावून घेणं. महाभारताने कर्णावर हा अन्याय केला नाही. सत्य कळल्यानंतरही दुर्योधनाकडे राहायचं की भावांकडे जायचं, हा निर्णय कर्णाचाच राहिला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. असं गुपित रचण्याआधी, पहिल्याच बैठकीत खेळाडूला विचारा : तुझ्या पात्राबद्दल तुलाच माहीत नसलेलं काही असलं तर चालेल का? तो नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर मधल्या डावांत दोन-तीन खुणा पेरा आणि गुपित फुटल्यावर पुढचं पाऊल त्याला टाकू द्या.

पुढच्या रविवारी डाव मांडाल तेव्हा प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. पहिल्या ओळीत शक्ती लिहू द्या. दुसऱ्या ओळीत, ती उघड झाली तर टेबलावरच्या कुणाला आपल्याला जाब विचारावासा वाटेल, त्याचं नाव. दुसरी ओळ कोरी राहिली, तर ती शक्ती त्या पात्राला देऊ नका.